मेणाखालचा नवा माल

शमुवेल साळवेने मला फसवलं. माझ्याकडे एक जुना ब्रिटिश अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्यातला एकही भाग बदललेला नाही, असं मी वीसेक वर्षं दिल्लीभर सांगत आलो. साळवेने त्याच्या पोटातला माल केव्हाच बदलून टाकला होता आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मी जन्मभर जुन्या मालाचा धंदा केला आणि मला फसवणाऱ्याचं नाव भर बाजारात घेत आलो. साळवेसाठी नियम बदलायचा, तर मग नियम कशाला म्हणायचा.

तो गेल्याचं त्याच्या मुलीने, रूथने फोनवर सांगितलं. मी कीर्तिनगरच्या गोदामात होतो. एका बंद पडलेल्या कंपनीच्या खुर्च्यांचा सौदा चालला होता आणि समोरचा माणूस काही केल्या खाली येत नव्हता. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी फोन खिशात ठेवला, समोरच्याला त्याने मागितलेला भाव देऊन टाकला आणि बाहेर येऊन गाडीत बसलो. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, किधर चलें... मला साळवेच्या नोएडाच्या घराचा पत्ता आठवेना. सरकारी क्वार्टर सुटल्यापासून ज्या घरी मी इतकी वर्षं गेलो, त्या घराचा.

आमची ओळखच मुळी एका सौद्यात झाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा असला माल बाहेरून मागवणं सोपं नव्हतं. तो दिल्लीत यायचा परदेशी साहेबांच्या सामानातून, आणि साहेबाची बदली झाली की घरातल्या इतर वस्तूंबरोबर विकला जायचा. जोर बागेतल्या एका बंगल्यावर अशीच विक्री होती. मी जेवणाच्या टेबलासाठी गेलो होतो. सगळी गर्दी फ्रीज आणि एअर कंडिशनरभोवती. एका कोपऱ्यात मात्र एक किडकिडीत माणूस, ऑफिसच्या कपड्यात, हातात हेल्मेट अडकवलेला, एका धातूच्या पेटीसमोर उकिडवा बसला होता. हात लावत नव्हता, नुसता बघत होता. मी वस्तूंकडे बघून पैसे कमावले नाहीत, वस्तूंकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांकडे बघून कमावले. मी जवळ जाऊन हिंदीत विचारलं, हे काय आहे. माझं हिंदी ऐकून त्याने मराठीत उत्तर दिलं. इंग्लंडचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे म्हणाला, आता असे बनत नाहीत, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेचना. धंद्यात इतका भोळा माणूस मी पाहिला नव्हता. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी साहेबाच्या कारभाऱ्याकडून टेबलाबरोबर ती पेटीही उचलली होती.

"शेठ, तुम्हाला टेबल न्यायचं होतं ना?" तो म्हणाला.

"तेही नेतोय."

दुसरा कोणी असता तर चार शिव्या देऊन गेला असता. हा टेम्पोपर्यंत माझ्यामागे आला आणि म्हणाला, घरी नेऊन लगेच प्लगमध्ये घालू नका, जळेल. लक्ष्मीबाई नगरात माझं क्वार्टर आहे, तिथे घेऊन या, मी नीट चालू करून देतो. तेव्हापासून मी त्याचा शेठ झालो. केंद्र सरकारच्या एका तांत्रिक खात्यात तो इंजिनिअर होता. मूळचा नगरचा, तिथल्या ख्रिस्ती वस्तीतला, चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बापाचा मुलगा. मी चाळीसगावचा, आठवीत शाळा सोडलेला. दिल्लीत आलो तेव्हा लिलावातल्या खुर्च्या डोक्यावरून वाहिल्या आहेत मी.

मला तो अ‍ॅम्प्लिफायर विकायचा होता. चालू स्थितीतला माल जास्त भावाने जातो, म्हणून त्याच्याकडे नेला, इतकंच. साळवेने तारेच्या वाटेत एक साधा विजेचा बल्ब जोडला. आत कुठे गडबड असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि पेटी वाचते, असं त्याने समजावलं. बल्ब क्षणभर पेटला, मग मंदावला. हळूहळू आतले काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह शेंदरी झाले. सुशीलावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही उभ्या राहिल्या. साळवेने एका गायिकेची मारव्याची तबकडी लावली. मी गाण्यातला माणूस नाही. तरी थोड्या वेळाने मला काहीतरी टोचायला लागलं आणि मी बोलून गेलो, की त्या तानपुऱ्याची एक तार जरा उतरलेली वाटते.

साळवेने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा सुई मागे ठेवून ऐकलं. मग म्हणाला, "शेठ, तुम्हाला कान आहे."

मला तोवर लोक हुशार म्हणाले होते, लबाड म्हणाले होते, चिक्कू तर रोजच म्हणायचे. कान आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर मी विकला नाही.

पुढे माझं राजेंद्र नगरचं घर झालं आणि रविवारी सकाळी तिथे बैठक जमायला लागली. साळवे, बँकेतून निवृत्त झालेले चोप्रासाहेब, आणि आणखी दोघं-तिघं. सगळ्यांना एकच वेड, जुने ब्रिटिश अ‍ॅम्प्लिफायर. कोणाचा भाऊ लंडनहून मोज्यात गुंडाळून व्हॉल्व्ह आणायचा, कोणी कबाड्याकडून गंजलेली पेटी उचलून महिनोन्‌महिने घासत बसायचा. उन्हाळ्यात दिल्लीची वीज अशी खालीवर व्हायची, की गाणं कमी आणि स्टॅबिलायझरची टकटक जास्त ऐकू यायची. बायका हसायच्या आम्हाला. चोप्रासाहेबांच्या बायकोने एकदा सरळ विचारलं होतं, सबसे महँगा वाला कौन-सा है, वही पहले फेंकूँगी.

या बैठकीत भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कंडेन्सर असतात, बोटाएवढ्या नळ्या, आत कागद आणि वर मेण. कागद म्हातारा होतो आणि कंडेन्सर गळायला लागतो, म्हणजे जिथे वीज जायला नको तिथे जायला लागते. साळवेचं म्हणणं, हे कंडेन्सर बदललेच पाहिजेत. माझं म्हणणं, एकही बदलायचा नाही. माझ्या धंद्यातला पहिला धडा आहे, जुन्या सागवानी टेबलाला नवं पॉलिश मारलं की ते टेबल मेलं. अस्सलपणा थोडा थोडा नसतो. असतो किंवा नसतो.

"शेठ, इंग्लंडच्या थंडीत बनवलेला कागद आहे तो," साळवे म्हणायचा. "आपला मे महिना त्याने किती सोसायचा? एक दिवस व्हॉल्व्ह जाईल, त्याच्यामागे ट्रान्सफॉर्मर. तो ट्रान्सफॉर्मर आता जगात मिळत नाही."

"जाऊ दे. खोटा होऊन वाजण्यापेक्षा खरा राहून जळू दे."

"बरं," तो म्हणायचा, आणि विषय सोडायचा. त्याचा तो 'बरं' मला नेहमी माझ्या विजयासारखा वाटला.

एका पावसाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर घूं करायला लागला. साळवे म्हणाला, धूळ असेल, साफ करून आणतो. नेला, आणि गणपती उलटून गेले तरी परत येईना. मी फोनवर दोनदा ओरडलो. परत आला तेव्हा आवाज असा मोकळा होता, की मी सगळ्यांना बोलावून ऐकवला. बघा, म्हटलं, नुसता साफ केलाय. याला म्हणतात अस्सल माल. चोप्रासाहेबांनी त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे कंडेन्सर तेव्हा नवे बसवून घेतले होते. त्यांना मी म्हटलं, आपने तो दुल्हन के मुँह में नकली दाँत लगवा दिए. सगळे हसले. साळवेही हसला होता...

साळवेच्या दफनानंतर काही आठवड्यांनी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा एका बाजूचा आवाज तुटायला लागला. दुसऱ्या कोणाच्या हातात तो द्यायला मन होईना, म्हणून नोएडाला रूथकडे नेला. ती मानेसरला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, सोल्डरिंग बापाकडूनच शिकलेली. तिने पेटी उलटी करून तळाचा पत्रा काढला आणि काम करता करता सहज म्हणाली, "बाबांचं काम किती सुबक होतं नाही काका? वरून कळतसुद्धा नाही."

मी विचारलं, काय कळत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात थांबला. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मग तिने एका नळीच्या टोकाचं मेण नखाने खरवडून दाखवलं. नळी जुनी, तिच्यावरची इंग्रजी अक्षरं जुनी, आणि आत छोटासा, चकचकीत, नवा कंडेन्सर. सगळ्या नळ्या तशाच. साळवेने एकेक नळी कोरून आतला म्हातारा कागद काढला होता, नवा माल भरला होता आणि वरून पुन्हा मेण ओतून तोंड बंद केलं होतं, कंपनीने केलं असावं तसं.

मी ओरडलो. किती वेळ ओरडलो माहीत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "भावजी, हळू. घरात प्रार्थनेला माणसं यायची आहेत." मग खुर्चीवर बसल्या आणि आपणहून सांगायला लागल्या. चर्चमधले मेणबत्त्यांचे तुकडे आणून ते वितळवत बसायचे. जुन्या मेणाचा पिवळेपणा येत नव्हता म्हणून कधी हळद, कधी चहाचं पाणी, कधी काजळी, काय काय घालून बघत होते. "माझी पोह्यांची कढई गेली त्यात. मी म्हटलं, एवढा आटापिटा कशाला, शेठना सांगून नवे बसवा. तर म्हणाले, सांगितलं की ते काढायला लावतील."

हे खरं आहे. मी काढायलाच लावले असते. आणि अ‍ॅम्प्लिफायर तसाच ठेवला असता तर मागेच कधीतरी जळून गेला असता, हेही खरं. हिशेब मला कळतो. पण वस्तू माझी होती, शब्द मला दिलेला होता, आणि 'बरं' म्हणणाऱ्या माणसाने 'नाही' म्हणायची हिंमत दाखवायला हवी होती. मी त्याच्याशी भांडलो असतो. दोन महिने बोललो नसतो. मग बोललो असतो. तेवढा भरवसा त्याने माझ्यावर ठेवायला नको होता का...

रूथने व्हॉल्व्ह बसतो त्या खोबणीतली एक सैल पिन आवळून दिली. घरी आणून लावला. आवाज तोच आहे, जो मी इतकी वर्षं ऐकत आलो. आता ऐकताना दमायला होतं. तबकडीची एक बाजू संपली की उठून दुसरी लावत नाही.

मी चोप्रासाहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "भाई साहब, हम सबको मालूम था. साळवे साहब ने मना किया हुआ था." म्हणजे मी दर रविवारी ज्यांना अस्सलपणावर ऐकवत होतो, ते सगळे जाणून होते. हेही मी गिळलं असतं. पण फोन ठेवल्यावर मला चादरीचा दिवस आठवला, आणि तो काही गिळवेना.

नकली दातांचं माझं बोलणं चोप्रासाहेबांना लागलं होतं. ते म्हणाले, फरक कानाने सांगून दाखवा. त्यांचा आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर एकाच कंपनीचा, एकाच घडणीचा. दोन्ही शेजारी ठेवले, मध्ये आवाज कधी या पेटीतून तर कधी त्या पेटीतून घेणारा एक खटका बसवला आणि समोर दोरीवर पलंगाची चादर टांगली. मी चादरीच्या अलीकडे खुर्चीवर. पलीकडे खटका फिरवायला साळवे, आणि त्याच्यावर नजर ठेवायला खुद्द चोप्रासाहेब. साळवे खटका फिरवायचा, मी सांगायचो, हा माझा, हा चोप्रासाहेबांचा. आणि दरवेळी चादरीमागून साळवेचा आवाज यायचा, "शेठ बरोबर." एकदाही चुकलो नाही मी. शेवटी चोप्रासाहेबांनी बाहेर येऊन हात जोडले होते. मान गए, म्हणाले होते. तो माझ्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसांपैकी एक होता. धंद्यात मी पुष्कळ जिंकलो, पण त्यात समोरच्याचं काहीतरी जायचं. इथे कोणाचं काही गेलं नव्हतं, नुसता माझा कान खरा ठरला होता.

पण त्या दिवशी दोन्ही पेट्यांत नवाच माल होता. मग मी ओळखत होतो ते काय? कदाचित दोन्हींत तरीही फरक असेल. त्यांचे कंडेन्सर उघडे, माझे जुन्या नळीत मेणाखाली, आणि तो फरक मला खरंच ऐकू येत असेल. किंवा मी काहीही बोललो असतो तरी साळवे "शेठ बरोबर" म्हणाला असता. त्याच्यासारख्या माणसाला ते जड गेलं नसतं.

मी चोप्रासाहेबांना पुन्हा फोन करून हे विचारलं. ते म्हणाले, छोड़िए ना, अब तो वो रहे नहीं. तिसऱ्यांदा केला तर त्यांच्या बायकोने उचलला, साहेब झोपलेत म्हणाली. भर सकाळी.

चोप्रासाहेबांना मराठी येत नाही. पण त्यांच्या सोसायटीत मराठी घरं आहेत आणि हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, ती तिथे जाते. ज्याच्या हाती पडेल त्याने एवढा शेवटचा भाग त्यांना हिंदीत वाचून दाखवावा. साहेब, साळवेने माझ्या पेटीत काय भरलं, ते मला कळलं. का भरलं, तेही कळलं. त्याचा जाब मी आता कोणाला विचारणार नाही. पण मला कान आहे, हे मला त्याने सांगितलं होतं, आणि ते खरं होतं की तीही त्याची दया होती, हे सांगू शकणारा माणूस आता एकच उरला आहे. चादरीमागे तुम्ही होतात. साळवे "शेठ बरोबर" म्हणत होता तेव्हा खटका कुठल्या बाजूला होता, ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत. सांगा.