रॅम्पच्या तोंडचा पाइप

कचेऱ्या, शाळा, बँका दिव्यांगांसाठी कायद्याप्रमाणे सोयीच्या आहेत की नाहीत हे तपासायचं आणि नसतील तर करून घ्यायच्या, हे माझं काम. वाशिम जिल्ह्यात टेप घेऊन हिंडते. स्वभाव तापट, उतार चुकलेला दिसला की सरपंचालाही चार शब्द सुनावते.

रिठदकडच्या एका गावात ग्रामपंचायतीचा रॅम्प मी स्वतः उभं राहून बांधून घेतला. तिथे शिवणकाम करणारी, पायांनी अधू असलेली एक बाई मला म्हणाली होती, "मले ग्रामसभेत बोलाचं हाय. पन कोनी उचलून नेनार असन तं मी येत नाही. मी काई पोतं नोहो." मी छातीठोकपणे शब्द दिला.

रॅम्प झाला आणि लोक त्यावरून मोटारसायकली थेट व्हरांड्याच्या सावलीत चढवू लागले. ग्रामसेवक वैतागला. मी म्हटलं, तोंडाशी लोखंडी पाइप गाडा, बाजूने व्हीलचेअर जाईल एवढी जागा सोडा. नियमाप्रमाणे मोजूनही दिलं. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. आपल्या खेड्यात व्हीलचेअर असते कोणाकडे? योजनेत मिळते ती हाताने फिरवायची तीनचाकी सायकल, चांगली ऐसपैस. रोज पाहते मी त्या, तरी डोक्यात शिरलं नाही.

ग्रामसभेच्या दिवशी ती बाई इस्त्रीची साडी नेसून तिच्या तीनचाकीवरून आली. पुढचं चाक गेलं, मागचं पाइपला अडकलं. तिने मागेपुढे करून पाहिलं, जोर लावला. माणसं भली, लगेच धावली. तिने माझ्याकडे पाहिलं. आत सभा खोळंबली होती, आणि खरं सांगायचं तर मला माझी चूक चारचौघांत लवकर झाकायची होती. मी म्हणाले, "आजच्यापुरतं उचला."

त्यांनी उचललं. ती निऱ्या घट्ट धरून होती. सभेत एक शब्द बोलली नाही. माझा मात्र शाल-नारळ देऊन सत्कार झाला आणि मी तो निमूट घेतला. त्या शालीची अजूनही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वेल्डर नेऊन पाइप कापला आणि माफी मागायला तिच्या घरी गेले. तिने चहा दिला. पाइप कापल्याचं ऐकून "बरं केलं" म्हणाली. मग मशीनवरची मान वर न करता म्हणाली, "गाववाल्यायचं मले काई वाटत नाही. त्यायले सवयच हाय. पन बाई, 'उचला' हे तुमी म्हनलं."