चौकोन सरांची गुलबक्षी

आमच्या जीवशास्त्राच्या सरांना दिसेल त्यावर चौकोन काढायची खोड होती. फळा, वहीचं मागचं पान, वडापावचा कागद, काहीही चालायचं. चौकोनाची चार घरं करायची, वर एका रोपाच्या रंगाची अक्षरं, डावीकडे दुसऱ्याच्या, आणि घरांत त्यांची होणारी पिलावळ. डोंबिवलीची आमची अख्खी शाळा त्यांना चौकोन सर म्हणायची आणि ते खुशाल ओ द्यायचे.

गुलबक्षी त्यांची लाडकी. लाल आणि पांढरीच्या संकरातून गुलाबी होते. त्या गुलाबीचं बी पेरलं की चारांत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी. सर दरवर्षी घरून चार कुंड्या आणत आणि संध्याकाळी फुलं उमलली की अगदी तश्शीच निघत. "माणूस फसवेल, झाड फसवणार नाही," असं ते म्हणायचे आणि आम्ही आ वासून बघायचो.

नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी त्यांच्याकडूनच गुलाबीचं बी घेऊन चार कुंड्या लावल्या. तीन गुलाबी आल्या, एक लाल. पांढरीचा पत्ताच नाही. रडवेली होऊन सरांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "बी बदललं असणार तुझ्या हातून. लक्ष कुठे असतं गं तुझं?" प्रदर्शनात माझ्याऐवजी त्यांच्या कुंड्या गेल्या. घरी मीठ आणायला उठले तरी भाऊ विचारायचा, साखर तर नाही ना आणणार. मलाही मी वेंधळीच वाटू लागले.

दहावीचे पेढे द्यायला शहाडला त्यांच्या घरी गेले, तर मागच्या अंगणात गुलबक्षीच्या कुंड्याच कुंड्या. काकू कौतुकाने सांगू लागल्या, "दरवर्षी एवढ्या लावतात, आणि हव्या त्या रंगांच्या चार शाळेत नेतात."

मी सरांकडे पाहिलं.

"अगं, चारच बिया पेरल्या तर दर वेळी तसं जमत नाही," ते हळूच म्हणाले. "पण पोरांचा विश्वास बसायला नको का?"

"माझा बसला होता, सर."

पेढे काकूंच्या हातात दिले आणि निघाले. पुन्हा गेले नाही.

वनस्पतिशास्त्र मी त्यांच्यामुळेच घेतलं. ते गेल्याचं कळलं तेव्हा रडले, आणि रडताना चिडलेही. वर्गाला जादू दाखवली ती केव्हाच माफ केली. माझी चूक नाही हे ठाऊक असून मला वेंधळी ठरवलं, ते मात्र अजून सलतं. पेढे देऊन निघाले त्या संध्याकाळी फाटकातून वळून पाहिलं होतं. अंगणात बहुतेक गुलाबी, थोड्या लाल, थोड्या पांढऱ्या उमलल्या होत्या. चौकोन खरा होता. सगळ्या कुंड्या शाळेत आणल्या असत्या तर पुरे होतं.