आठवीचा वर्ग माडीवर: जानेफळ ते धामणगाव बढे

ताईचा फोन आला तेव्हा मी कुबडीचं रबरी बूच बदलत होतो.

"बापू, मुक्ताचं आठवीचं अडून राह्यलं. वर्ग माडीवर हाय. परवा शाळेत बैठक हाय, अन् तुले कायदा पाठ हाय. ये."

कायदा मला खरंच पाठ आहे. आठवीतच शाळा सुटली की पाठांतराला भरपूर वेळ मिळतो. मुक्ता माझी भाची, चाकाच्या खुर्चीवर बसते. माझा डावा पाय जन्मापासून नावापुरता. त्यामुळे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं म्हणजे मी आधी बुचं तपासतो, मग प्रमाणपत्र, मग पुन्हा बुचं.

कुबडी घेऊन निघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की एसटीची पहिली पायरी घोड्यावर बसणाऱ्यांच्या मापाने बांधलेली आहे. सवलतीत तिकीट जवळजवळ फुकटात पडतं. चढायचं तेवढं आपलं आपण. मेहकरला गाडी बदलली, तर राखीव सीटवर एक काका.

"काका, उठा. दिव्यांगाची सीट हाय," कंडक्टर म्हणाला.

"मंग? मायेबी गुडघे दुखतेत."

"गुडघे अख्ख्या जिल्ह्याचे दुखतेत, काका. उठा."

काका उठले, पण चिखलीपर्यंत माझ्या पायाकडे संशयाने बघत राहिले.

बुलढाण्याच्या स्टँडबाहेर गरम भजी खाल्ली. पाणी बेताने प्यालो, कारण स्वच्छतागृहांनाही पायऱ्या असतात. पुढे मलकापूरची गाडी. राजूर घाटात खिडकी मिळवा. डोंगर छान दिसतो म्हणतात. मी ब्रेकचा आवाज ऐकत होतो. मोताळ्याला उतरून धामणगावचा ऑटो केला. बाजाराचा दिवस असल्याने मांडीवर कुणाची तरी कोंबडी आली. तिने आणि मी एकमेकांना सांभाळून घेतलं.

ताईकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत होतं. जेवताना आमच्या घराण्याचा शैक्षणिक इतिहास निघाला. आजोबांचा धाकटा भाऊ आंधळा होता. त्याला शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या वेळी डोक्यात आलं होतं. आठवीचा वर्ग माडीवर होता, तिथं दोन दांडगी पोरं मला उचलून न्यायची. दिवाळीच्या आधी एकाच्या शेतात सोयाबीन सोंगायला आलं, तो शाळेत येईना. दुसऱ्याला एकट्याने मी पेलवेना. तिथं माझं शिक्षण संपलं. मधल्या काळात आम्ही अपंगाचे दिव्यांग झालो. नाव वर गेलं, आम्ही खालीच.

"मामा, तू उद्या लई नको बोलू," मुक्ता म्हणाली. "तू घाबरला की कलमं म्हणतो."

सकाळी शाळेत गेलो. शाळेला उताराचा रस्ता आहे, चांगला सिमेंटचा, रुंद. त्याचा सर्वांत नियमित लाभ हेडसरांची मोटरसायकल घेते. ती बाजूला होईपर्यंत आम्ही उन्हात.

हेडसर मुळीच वाईट माणूस नाही. चहा मागवला. म्हणाले, "चार पायऱ्यांचा तर प्रश्न आहे. पोरं उचलून नेतील की!"

"तेरा वर्षांची पोरगी हाय, सर," ताई म्हणाली. "पोतं नाही."

"मग घरी शिकू द्या. शिक्षक येऊन जातील मधूनमधून."

मी कलमं म्हणायला लागलो. सर माना डोलावत होते, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना डोलावतात तशा. मी संपल्यावर म्हणाले, "सगळं मान्य. पण खाली मोकळी खोली कुठे आहे? एक माझं ऑफिस तेवढं. आणि आठवी खाली आणली तर पोरं रुसतील. पहिल्या दिवशी नारळ फोडून वर जातात. आपल्या शाळेची रीत आहे. मान असतो तो!"

हे खरं होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष, एका विद्यार्थ्याची आई, म्हणाल्या, "माया पोरगा दोन सालापासून त्या नारळाची वाट पाहून राह्यला." मुक्ताची आठवी तिथंच संपल्यासारखी वाटली.

मुक्ता म्हणाली, "सर, मान मोठ्यायचा असते ना? मंग तुमचं हापिस वर न्या. नारळ आमी फोडतो."

अध्यक्षबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "बराबर हाय की. हेडसर वर, बाकी शाळा खाली."

"अहो, पण माझे गुडघे..."

मुक्ताने अगदी शहाण्या मुलीच्या आवाजात म्हटलं, "पोरं उचलून नेतील की, सर."

बाहेर खिडकीशी कान लावून उभी असलेली सातवी पास मंडळी फुटून हसली. ठराव झाला. सरांनी चहा संपवला आणि मोटरसायकलची किल्ली उगीच खिशात चाचपली.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. घाट चढताना डोंगर पाहिला, छान आहे. राखीव सीट रिकामी होती. मला चुकल्यासारखं झालं.

शाळा उघडून आठवडा झाला तेव्हा ताईचा फोन आला. मुक्ता खाली, पहिल्या बाकाशी, खुर्चीत. नारळ तिनेच फोडला, आणि तो सर वर जाण्याच्या आनंदात.

"अन् बापू, आता जिन्याले कठडा बसवून राह्यले."

इतकी वर्षं त्या जिन्याला कठडा नव्हता. शेकडो पोरं भिंत धरून चढली.

फोन ठेवून मी बराच वेळ कुबडीचं बूच फिरवत बसलो. माझ्या वेळी फक्त हेडसरांना वर बसवायला हवं होतं. आम्ही सोयाबीन सोंगून व्हायची वाट पाहत बसलो.