काहीच न करणारा गट

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात, ट्रायल रूमच्या मागे, एक बिनखिडकीची खोली होती. गिऱ्हाइकाला पँट लांब झाली, बाही आखूड हवी असली, कंबर सैल करून हवी असली, की कपडा त्या खोलीत जायचा आणि तासाभरात नीट होऊन बाहेर यायचा. तो नीट करणारी बाई मात्र कुणाला दिसायची नाही. दुकानातले लोक तिला अल्टरताई म्हणत.

अल्टरताई लहानपणापासून अंगाने भरलेली. शाळेत पोरी तिला रणगाडा म्हणायच्या आणि त्यावर सगळ्यात मोठ्याने तीच हसायची. आपण आधी हसलं की मार जरा कमी लागतो, हे तिला फार लवकर कळलं होतं. लग्न झालं, वय वाढलं, वजन वाढलं. मग आई अंथरुणाला खिळली आणि तीन वर्षं तिला श्वास घ्यायला उसंत मिळाली नाही. सकाळी आईचं करायचं, दिवसभर मशीन, संध्याकाळी पुन्हा आई.

आई गेली आणि घर शांत झालं. तिचं अंग काही शांत होईना. बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जायचं ते सुचत नसे. फ्रीज उघडायची, आत बघत उभी राहायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. दुकानात तर बिस्किटांचा पुडा मशीनशेजारीच असे. भूक नसायची, हात मात्र आपोआप तिकडे जायचा.

"अगं, जरा एका जागी बस की," छापखान्यातून दमून आलेला नवरा म्हणायचा.

"बसूनच तर जन्म चाललाय माझा!" ती खेकसायची आणि मग त्याबद्दलही तिला वाईट वाटायचं.

गुडघ्यांसाठी ती आरोग्य केंद्रात गेली, तेव्हा भिंतीवर कागद दिसला. वजन, हालचाल आणि मन यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर अभ्यास चालू होता आणि त्यासाठी माणसं हवी होती. आतल्या खोलीत एक तरुण डॉक्टर बसला होता. शर्टाची कॉलर झिजलेली, बोलणं मऊ. त्याने विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, असं किती वेळा वाटलं?"

वजन किती, साखर किती, हे तिला सगळ्यांनी विचारलं होतं. हे मात्र कुणीच नाही. ती बोलायला लागली ती थांबेचना. शेवटी डॉक्टर ओशाळून म्हणाला, "ताई, उत्तराचे पर्याय चारच आहेत, 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत."

"मग चौथा लिहा."

पुढच्या खेपेला, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, प्रत्येकाला एक बंद पाकीट मिळालं. ज्यांच्या पाकिटात पहिला गट, त्यांना आठवड्यातून तीनदा एकत्र चालायला नेणार, शिवाय एक बाई येऊन मनातलं बोलायला लावणार. अल्टरताईचा निघाला दुसरा गट. तिच्या हातात एक पत्रक पडलं आणि सहा महिन्यांनंतरचं आश्वासन.

"तोवर मी काय करायचं?"

"काहीच नाही. जशा राहता तशाच राहा."

"अहो, तसं राहवत नाही म्हणून तर आले ना!"

डॉक्टरने समजावलं. चालणाऱ्यांना खरंच बरं वाटतं का, हे कळायला न चालणारेही लागतात. तुमच्याशिवाय हा अभ्यास उभाच राहणार नाही. सहा महिन्यांनी तुम्हालाही सगळं मिळेल. तिला ते पटलं, पण रुचलं नाही. पटणं डोक्यात असतं. तिची तगमग होती पायांत.

बाहेर फाटकाशी कट्ट्यावर दोघे तेच पत्रक घेऊन बसले होते. एक निवृत्त बसड्रायव्हर, पोट सुटलेला, मिशीवाला. दुसरी बँकेत कॅशियर, दोन पावलं टाकली की धापा टाकणारी.

"तुम्हीपण नापास?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं. "या, बसा. इथे ढ मुलांचा वर्ग भरलाय."

तिघे हसले. बसस्टॉपपर्यंत गेले तर बस डोळ्यांदेखत निघून गेली. "माझ्या वेळी मी थांबलो असतो," काका म्हणाले. पुढच्या स्टॉपवर जाऊ, म्हणून तिघे निघाले. तिथे पोचल्यावर कॅशियरबाई म्हणाली, "बोलता बोलता इतकं आलो, आणखी एक स्टॉप जाऊ या." त्या दिवशी बस कुणीच पकडली नाही.

शनिवारी पुन्हा भेटलो तर काय बिघडलं, असं काका म्हणाले. शनिवारच्या जोडीला मंगळवारही आला. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून जुना रस्ता होता, तिथे गाड्या नव्हत्या आणि बघणारेही नव्हते. कॅशियरबाई दर थोड्या वेळाने दगडावर टेकायची. काका निवृत्तीनंतर घराबाहेरच पडले नव्हते. आयुष्यभर हजारो माणसं पोचवली, आता मला कुठे जायचंच नाही, असं ते एकदा सहज बोलून गेले आणि लगेच विनोदावर आले. अल्टरताईनेही एक दिवस, त्या दोघांकडे न बघता, सांगून टाकलं. आई गेली त्या दुपारी तिला आधी रडू आलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. ते आजवर तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"माझी सासू गेली तेव्हा मी झोपले," कॅशियरबाई म्हणाली. "सरळ दुसऱ्या दिवसापर्यंत."

कुणी काही समजूत घातली नाही. तिघे पुढे चालत राहिले.

हळूहळू दुसऱ्या गटातले आणखी लोक येऊन मिळाले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. वजनकाट्याने फारशी दाद दिली नाही, पण बिस्किटांचा पुडा संपायला आता वेळ लागू लागला. नवरा म्हणाला, "काल शिवताना गुणगुणत होतीस." ती चमकली. तिच्या स्वतःच्या लक्षातच आलं नव्हतं.

तीन महिन्यांनी तपासणीचं बोलावणं आलं. काकांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं, "चालता का म्हणून विचारलं तर नाही म्हणायचं. नाहीतर नाव कापतील आणि पुढचं काही मिळायचं नाही."

अल्टरताई नाही म्हणाली. मग मनाचे प्रश्न आले, तिथे तिला खोटं जमलं नाही. झोप लागते का? लागते. मन लागतं का? बऱ्याचदा लागतं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. "या गटातले सगळेच असं सांगताहेत. काही न करता. मला काही कळेनासं झालंय, ताई. माझंच काहीतरी चुकतंय."

त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती उठली, नमस्कार केला आणि बाहेर पडली.

त्या दिवशी तिने एका कोटाला डावी बाही उजवीकडे लावली. उसवली, पुन्हा लावली, पुन्हा चुकली. तीच जुनी तगमग पायांतून वर चढत होती. दुसऱ्या दिवशी दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन ती आरोग्य केंद्रात गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आम्ही चालतो."

"कोण आम्ही?"

"तुमचा काहीच न करणारा गट. जवळजवळ सगळा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. आधी तो हसला. मग हसू विरलं. "ताई, हे काय करून बसलात?"

"चाललो. गुन्हा केला का?"

"गुन्हा नाही." तो शब्द शोधत होता. "पण बघा. पहिला गट चालला, सुधारला. तुम्हीही चाललात, तुम्हीही सुधारलात. दोघांत फरकच उरला नाही. आता माझ्या अहवालातून निघणार, की या कार्यक्रमाने विशेष काही होत नाही. वरचे लोक म्हणतील, मग तो कशाला चालवायचा? पुढे ज्यांना त्याची गरज आहे, त्यांना तो मिळणार नाही."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला वाटलं होतं, फार तर रागावतील.

"आता आम्ही थांबलो तर?"

"थांबा असं मी कसं म्हणू? आणि चाला असंही मला म्हणता येत नाही." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जे झालं ते खरं खरं लिहू. तेवढंच आपल्या हातात आहे."

गिरणीच्या रस्त्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, तेव्हा ड्रायव्हरकाका भडकले. "हरिश्चंद्र व्हायला कुणी सांगितलं होतं? आमच्या वतीने बोलणाऱ्या तुम्ही कोण?" ते वळले आणि तरातरा निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. उरलेले चालले, पण बोलणं तुटक झालं. कॅशियरबाई तेवढी म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आधी आम्हाला विचारायचं होतंस."

अभ्यास संपला. डॉक्टरने कबूल केल्याप्रमाणे कार्यक्रम दुसऱ्या गटालाही दिला, पण त्यानंतर केंद्रातला तो वर्ग बंद झाला. दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, असंच अहवालात आलं. दुसऱ्या गटातले लोक आपले आपण एकत्र येऊन चालू लागले होते, हेही त्यात होतं. डॉक्टर दुसऱ्या गावी गेला. जाताना तो रागावलेला होता की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. केंद्रावरून जाताना ती बंद खोलीकडे बघायची, आणि आपल्यामुळे कोण कोण आत यायचं राहिलं असेल, हा विचार तिला घरापर्यंत सोबत करायचा. नवरा म्हणायचा, "एकट्या तुझ्यामुळे नाही झालं ते." तिला ते खरं वाटे, पुरेसं मात्र वाटत नसे.

काका त्या कार्यक्रमालाही आले नाहीत. एका रविवारी सकाळी ती त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि आत बोट दाखवलं. काका बनियनवर टीव्हीसमोर बसले होते. दाढी वाढलेली, मिशी विस्कटलेली, टीव्हीचा आवाज बंद.

"आलात? आता कुणाला काय सांगायचं राहिलंय?"

"काही नाही. भांडायचं असेल तर भांडा. पण बाहेर चला, इथे मला बसवत नाही."

"माझे गुडघे धरलेत."

"माझेही धरलेत."

"मी अजून रागावलोय तुमच्यावर."

"असू दे. रागावूनही चालता येतं."

काकांनी टीव्ही बंद केला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन कण्हत उठले आणि बायकोकडे शर्ट मागितला. ती आधीच तो हातात घेऊन उभी होती.

"फक्त कोपऱ्यापर्यंत," जिना उतरताना ते म्हणाले.

"बरं," अल्टरताई म्हणाली आणि त्यांच्या एक पायरी पुढे, कठडा धरून, उतरू लागली.