गोठ्यातली नाव

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. दुकानाच्या कोपऱ्यात जुनी बेअरिंगं साठत जातात तसे तेही साठतात, आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. माझं शिरड शहापूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानापुढं बाकडं आहे, बाकड्यावर चहा येतो आणि चहामागून माणसं येतात. पूर्वी तिथं हळदीचा भाव, पंचायत आणि लोकांचे जावई यांवर दिवस निघायचा. दत्ताराव नाव घेऊन आला आणि बाकीचे विषय बंदच पडले.

नाव म्हणजे खरोखरची. फायबरची, ट्रेलरवर चढवलेली, मागं इंजिन बसवलेली, मासे धरायची नाव. इथून समुद्र किती लांब आहे ते तुम्हीच नकाशात बघा. मला विचारू नका, मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

*

दत्ताराव माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची बैलजोडी म्हातारी झाली, ती त्यानं ओळखीच्या माणसाकडे सांभाळायला दिली आणि नवी जोडी घ्यायचं ठरवलं. तेवढ्यात मेव्हण्याच्या पोरीचं लग्न कोकणात निघालं. "येताना वाटेतले बाजार बघत येतो," असं सांगून हा जोडीचे पैसे कमरेला बांधून गेला. इकडे कौसावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, गोठा सारवला आणि दावणीला नवे दोर बांधले.

दत्ताराव आणि मेव्हणा परतले त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. नवं जनावर दारात आलं की आमच्याकडे त्याच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला हळदीकुंकू लावतात, भाकरीचा तुकडा देतात. वहिनी ताट आणि तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. वळणावरून मेव्हण्याची जीप आली. जीपमागून आमच्या गल्लीपेक्षा थोडीशीच अरुंद, पांढरीशुभ्र नाव आली.

गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. दत्ताराव खाली उतरला, नावेच्या कडेवर हात ठेवून मला म्हणाला, "नाम्या, हात तर फिरवून बघ. काय बांधलीय!"

वहिनींनी एकदा नावेकडे बघितलं, एकदा हातातल्या तांब्याकडे. मग अगदी शांतपणे विचारलं, "पाणी कुठं घालू? हिचे पाय कुठं हायेत?"

कुणालाही हसायची हिंमत झाली नाही. त्यांनी तांब्या अंगणात रिता केला आणि आत जाता जाता सांगितलं, "पोळ्याला माझ्या गोठ्यात बैल पायजेत. तवर हिचं काय ते करा."

दत्तारावचं तोंड एवढंसं झालं. वहिनी फार बोलत नाहीत, पण बोलल्या की ते होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणजे नाव दारात आली त्याच दिवशी तिची जायची वेळसुद्धा ठरली होती.

*

आमच्यातला तिसरा मारुती. तो मेंढरं राखतो आणि कुठलंही जनावर नुसतं बघून त्याची खोड सांगतो. बैल घ्यायचा असला की लोक त्याला बाजारात सोबत नेतात. दत्तारावनं त्याला नाव बघायला बोलावलं.

नावेच्या भागांना काय म्हणतात ते आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळं पुढचं टोक ते तोंड, मागची बाजू तो पुठ्ठा आणि आतल्या आडव्या पट्ट्या त्या बरगड्या झाल्या. मारुतीनं सगळीकडून फिरून बघितलं, खाली आडवा होऊन पोट बघितलं, पुठ्ठ्यावर थाप मारली. "भरलेली हाय," तो म्हणाला. "बरगडी सरळ हाय. मार सोसती का?"

"मारून बघ," दत्ताराव म्हणाला.

मला वाटलं हे दोघं मस्करी करून राहिले. तोवर मारुतीनं खुंट ठोकायची मोगरी उचलून नावेच्या कुशीत हाणलीसुद्धा! मोगरी उलटी उसळली, मारुतीच्या हातातून सुटली आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या उकिरड्यात जाऊन पडली. दत्ताराव बॅटरी लावून मार बसलेली जागा शोधत होता. तिथं ओरखडासुद्धा नव्हता.

"थरावर थर देऊन बांधलीय," तो गहिवरून सांगायला लागला. "बनवणारा माणूस परत्येक थर रुळानं दाबत होता. मधी हवेचा बुडबुडा ऱ्हाऊ देत नव्हता. मी दिवसभर तिथं उभा ऱ्हाऊन बघितलं. लग्न तिकडं लागून गेलं."

म्हणजे हा भाचीच्या लग्नाच्या दिवशी नावेच्या कारखान्यात उभा होता. मेव्हणा परतीच्या वाटेवर एक शब्द का बोलला नाही, ते मला तेव्हा कळलं.

मारुतीनं हात झटकले. "समदं बराबर हाय. खोड एकच. चारा खात न्हाई म्हणून सवंग वाटती, पण ही तुलाच खाईल."

*

सिद्धेश्वरच्या धरणावर पहिल्यांदा नाव सोडली तेव्हा काठावर बरीच माणसं जमली होती. दत्तारावनं ट्रॅक्टरला जोडलेला ट्रेलर उलटा घेत एका दमात पाण्यात उतरवला. आयुष्यभर हळदीच्या ट्रॉल्या मागं घेतलेला माणूस तो. धरणावरचे मासे धरणारे भोई बघतच राहिले. इथवर सगळं झकास झालं.

मला पोहता येत नाही. मी दुकानातली ट्यूब पोटाला बांधून बसलो होतो. नाव मध्यावर गेली आणि पायाला गार लागायला लागलं.

"दत्ता, पाय ओले काहून झाले?"

"नवी हाय. घाम येत असंल," मारुती म्हणाला.

घाम घोट्यापर्यंत आला, मग पोटरीपर्यंत. दत्ताराव मागं वाकून पाण्यात हात घालून चाचपायला लागला. नाव धुतल्यावर आतलं पाणी निघून जावं म्हणून तिच्या पुठ्ठ्यात खाली एक भोक असतं आणि त्याला बूच असतं. हा गृहस्थ सवयीनं नावेला रोज सकाळी बैलासारखी धूत होता. बूच काढून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवत होता. ते अजून तिथंच होतं!

पाणी कमरेपर्यंत आलं. मारुतीच्या घरातल्या कुलदैवतापासून वेशीवरच्या म्हसोबापर्यंत सगळ्यांना हाका मारून झाल्या. मी डोळे मिटले होते. आणि पाणी चढायचं थांबलं. नाव काठोकाठ भरली, पण खाली जाईना. तिच्या तळाखाली हलका फोम ठासून भरलेला असतो, त्यानं ती तरून राहते, हे मला नंतर कळलं.

त्या क्षणी मला फक्त दत्तारावचा आवाज ऐकू आला. "नाम्या, डोळे उघड. भरली तरी बुडत न्हाई ही. याला म्हणत्यात काम."

भोयांनी दोर टाकून आम्हाला काठाला ओढून आणलं. हौदात सोडलेल्या गणपतींसारखे आम्ही तिघं किनाऱ्याला लागलो, आणि त्यातला एक जण आनंदानं हसत होता.

*

दुसऱ्या खेपेला बूच लावलेलं होतं. ते मी स्वतः हात घालून तपासलं. परवानगी काढलेली होती, गळ होता, आमिष होतं. मारुती घरून मसाला वाटून घेऊन आला होता.

दत्तारावच्या गळाला मोठा रोहू लागला. त्यानं तो अलगद वर घेतला, तोंडातला काटा सोडवला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाण्यात सोडून दिला.

मारुतीनं पाण्यात हात घातला, तोवर मासा गेला होता. "दत्ता, हे काय केलंस?"

"आमच्या घरात मासे-मटण चालत न्हाई. तुला ठावं हाय की."

"मग मासे धरायची नाव कशाला घेतली रं?"

"चांगली बांधलीय म्हणून," दत्ताराव म्हणाला. त्याला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं.

मसाल्याची पुडी मांडीवर घेऊन मारुती काठ येईपर्यंत बसून राहिला. नंतर त्यात त्यानं वांगी केली म्हणे.

*

उन्हाळ्यात दत्ताराव हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात गेला आणि मोंढ्यात गर्दी असल्यामुळं तिकडेच अडकला. परत आल्यावर त्यानं रस्त्यावरूनच ट्रेलर बघितला आणि थेट माझ्या दुकानात आला. "ट्रेलरचे टायर बसल्यासारखे दिसायलेत, चल," म्हणाला. आम्ही गोठ्यात गेलो आणि दोघंही दारात खिळलो.

नाव पाण्यानं भरलेली होती. वहिनींच्या शेळ्या दोन्ही बाजूंनी कडेवर पाय टेकवून पाणी पीत होत्या. एक करडू पुढच्या टोकावर चढून आमच्याकडे बघत होतं.

"कौसा, हे काय?"

वहिनी भाकरी थापता थापता चुलीपासूनच बोलल्या, "हौद फुटलाय. पाणी कुठं ठेवू? तुमीच म्हणता ना, हिच्यातून पाणी आरपार जात न्हाई."

आता भांडण पेटणार म्हणून मी मागं सरकलो. दत्ताराव मात्र नावेखाली बसला आणि तळाला हात लावून बघायला लागला. हात कोरडा होता. "थेंबबी गळला न्हाई?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "वस्तू खोटी न्हाई."

भांडण झालंच नाही. हौद मात्र त्यानं त्याच आठवड्यात बांधून घेतला.

*

वहिनी एकदाच नावेत बसल्या. पोळा जवळ आला होता आणि गिऱ्हाईक शोधायला सांगून झालं होतं. दत्ताराव म्हणाला, "जायच्या आदी एकदा बसून तर बघ." त्या चपला हातात घेऊन चढल्या. सोबत मी होतो, माझ्या पोटाला ट्यूब होती.

धरणाच्या मध्यावर त्यानं इंजिन बंद केलं. वहिनींचा हात बसायच्या फळीखाली गेला आणि तिथंच फिरत राहिला. वहिनी घर सारवतात ते चुलीमागचा कोपरासुद्धा न सोडता सारवतात, हे मी त्यांच्या घरी जेवायला जाऊन जाऊन बघितलेलं आहे.

"खालूनबी गुळगुळीत हाय," त्या म्हणाल्या. "जिथं कुणी बघणार न्हाई, तिथंबी हात फिरवलाय त्यानं."

दत्तारावनं मान दुसरीकडे वळवली. मला वाईट वाटलं. इतके दिवस तो हेच सांगत होता, आणि आता ऐकणारं माणूस मिळालं तर नाव जायची वेळ आली होती. कारण काठाला लागल्यावर वहिनींनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "पोळ्याला बैल मात्र पायजेत."

*

गिऱ्हाईक आलं ते कळमनुरीकडून. माणूस मूळचा बैलबाजारातला व्यापारी, आता कुठल्याशा तळ्यावर पोरासोरांना फिरवायला त्याला नाव हवी होती. पाऊस उघडला होता म्हणून नाव अंगणात काढून ठेवली होती. त्यानं थापा मारून बघितल्या, खाली वाकून बघितलं आणि खूश होऊन खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला.

बैलाचा सौदा आमच्याकडे तोंडानं करत नाहीत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात रुमालाखाली जातो, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि तो त्या दोघांपलीकडे कुणाला कळत नाही. सौदा करतात ते पुरुषच. मी तरी रुमालाखाली बाईचा हात गेलेला कधी बघितला नव्हता.

"या," व्यापारी दत्तारावला म्हणाला.

दत्ताराव उठला आणि परत ओट्यावर बसला. "मारुती, तू घाल हात," तो म्हणाला. मारुती जमिनीकडे बघत राहिला. तो जागचा हलेना.

तेव्हा वहिनी घरातून बाहेर आल्या. पदर खोचला, चालत व्यापाऱ्यासमोर गेल्या आणि रुमालाखाली हात घातला.

मारुतीच्या तोंडातली सुपारी खाली पडली. व्यापारी आधी हसला. काय करणार, बाईमाणूस, म्हणून त्यानंही हात पुढं केला. मग त्याचं हसू गेलं. त्यानं वहिनींकडे बघितलं, नावेकडे बघितलं, पुन्हा वहिनींकडे बघितलं.

"वहिनी, बोटं चुकली तुमची."

"चुकली न्हाईत. परत दाबू का?"

रुमाल पुन्हा हलला. कपाळावरचा घाम पुसायला व्यापाऱ्यानं हात बाहेर ओढला आणि तो परत आत घातलाच नाही. रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि आलेला चहा तसाच ठेवून जीपकडे निघाला. मी त्याच्यामागं धावलो. "अहो, झालं काय? किती म्हणल्या?"

तो स्वतःचा पंजा उघडून बघत होता. "एका हाताची बोटं सरली, तवा बाईनं माझा दुसरा हातबी मागितला," तो म्हणाला आणि जीप चालू केली.

मी अंगणात परत आलो तेव्हा दत्ताराव बायकोसमोर उभा होता. "कौसा, पोळा आठ दिवसांवर हाय. तू त्येला किती सांगितलंस?"

वहिनींनी वर बघितलं. ऊन चांगलंच तापलं होतं.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आदी गोठ्यात घ्या तिला. कवाची उन्हात उभी हाय."