नाण्यावरचं कुंकू

बेलापूरला ऑफिसांच्या एका बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आमचं छोटंसं खासगी संग्रहालय आहे. मी तिथला क्लार्क. लोक फारसे फिरकत नाहीत, पण किस्से काही थांबत नाहीत, आणि त्यातले निम्मे तरी एकाच नाण्याचे! करंगळीच्या नखाएवढं, ब्राँझचं, हिरवं पडलेलं, वर एका राजाचा चेहरा. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं, म्हणजे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचं.

*

मे महिन्यात खालच्या ऑफिसातले एक साहेब रोज लंचमध्ये यायचे आणि या नाण्यासमोर अर्धा तास उभे राहायचे. आमच्या क्युरेटर मॅडम खूश! "बघा, याला म्हणतात अभ्यासू माणूस!" शेवटी त्यांच्यापुढे अभिप्रायाची वही ठेवली. त्यांनी लिहिलं, "इथला एसी फार छान आहे."

*

नाणं दिलं ते सारसोळ्याच्या नानांनी. नाना जुने मासेमार. तरुणपणी खाडीत जाळं ओढलं, तर चिखलातून हे वर आलं. बायको म्हणाली, देव घरी आलाय. तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि रोज कुंकू लावलं. ती गेल्यावर नानांनी ते आम्हाला दिलं. अट एकच, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बघायला येणार. मी रजिस्टरसाठी विचारलं, "नाना, काम काय लिहू?" म्हणाले, "लिव, भेट."

*

एकदा एक तज्ज्ञ आले. भिंगातून बघून म्हणाले, "राजाच्या कानामागचा हा लाल थर! धातू शतकानुशतकं जमिनीत राहिला की असं होतं. दुर्मीळ!" मॅडम भराभर टिपून घेत होत्या.

नाना शेजारीच उभे. "साहेब, ते आमचे मंडळीचं कुकू हाय."

तज्ज्ञ चहा न घेताच गेले. नाना मात्र काचेपासून हलेनात. "तिचे हातचं तेवडंच राहिलंय," मला म्हणाले.

*

आमचे शिपाई सावंत मालवणकडचे. ट्रस्टचे अध्यक्ष येणार, म्हणून मॅडमनी त्यांना कपाटाच्या काचा पुसायला चावी दिली. थोड्या वेळानं बघतो तर नाणं लखलखतंय!

"सावंत, हे काय केलंत?" मॅडम ओरडल्या.

"आमसुलानं घासलं, मॅडम. किती हिरवं पडलेलं! घरची तांब्याची भांडी आमी अशीच काढतो."

मॅडम बेसिनकडे धावल्या. सोळाशे वर्षांचा थर बेसिनमधून वाहून गेला होता. अध्यक्षांनी मात्र "मेंटेनन्स एकदम बेस्ट!" म्हणून सावंतांची पाठ थोपटली. मला हसू आवरेना. मग आठवलं, परवा पहिला शनिवार. कुंकूही गेलं होतं की!

*

त्या दिवसापासून चावी मॅडमच्या पर्समध्ये.

शनिवारी नाना वेळेवर हजर. सावंत पॅन्ट्रीत जाऊन बसले. मी मान खाली घालून रजिस्टर पुढे केलं. "थोडी सफाई केलीय, नाना," मॅडम म्हणाल्या. नाना भिंग घेऊन काचेवर वाकले. मीही वाकलो.

राजाच्या कानामागे कुंकू होतं!

मी मॅडमकडे बघितलं. एरवी साधी टिकलीही न लावणारी, नाण्याला उघडं बोट लागलं तर मेमो काढणारी ही बाई खिडकीबाहेर बघत होती.

नानांनी भिंग खाली ठेवलं, उपरण्यानं डोळे पुसले.

"मॅडम, जल्मात तिनं कदी इतकं नीट लावलं नाय!"