बंगल्यातल्या विटांचा पूल

माझ्या नावापुढे बी.ए. लागलं ते मळवलीतल्या एका बंगल्याची राखण करणाऱ्या मावशीमुळे. ती माझी सख्खी मावशी नव्हे. डोंगरातल्या वाडीवरची बाई, नवरा लवकर गेलेला, मुंबईच्या एका कुटुंबाने तिला आपल्या बंगल्यामागच्या खोलीत ठेवलं होतं. आमचं भाताचं खाचर त्या बंगल्याच्या कुंपणाला लागून होतं. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो.

आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. सातवी झाल्यावर वडील मला शेतावर घेणार होते. मावशीने बांधावर उभं राहून त्यांना सुनावलं, "भाऊ, ह्याला औतामागं उभा करू नका. ह्याचं ध्यान बैलाकडं नसतं. बैलच ह्याला हाकून नेईल." वडील हसले आणि मी लोणावळ्याच्या हायस्कुलात गेलो. एवढे तिचे उपकार. आणि त्यांची फेड म्हणून नववीत असताना मी तिला जवळजवळ बेघर केलं. ती हकीकत सांगतो.

त्या डिसेंबरात शाळेत प्रदर्शन भरायचं होतं. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "आपल्या भागातलं काही तरी करून आणा." निम्म्या वर्गाने दिवाळीतले किल्ले पुन्हा उभे करायचं ठरवलं. मी आणि माझा जोडीदार, बाजारातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, आम्ही घाटातला रेल्वेचा पूल करायचं ठरवलं. त्याच्या घरामागूनच रूळ जात असल्यामुळे रेल्वे आपल्या मालकीची आहे, असं त्याला वाटत असे.

आधी काड्यापेटीच्या साच्यात मातीच्या विटा पाडल्या. वाळताना त्यांना तडे गेले. तो म्हणाला, "ह्या विटांवरून मुंगी गेली तरी अपघात होईल." तेव्हा मला बंगल्यातली पेटी आठवली.

बंगला वर्षातून दोनदा उघडायचा, नाताळात आणि मे महिन्यात. एरवी दमट वास जावा म्हणून मावशी अधूनमधून कपाटं उघडी ठेवी. मी मदतीला असे. एका कपाटात मालकांच्या नातवाची पेटी होती. तिच्यात लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या विटा होत्या, कुणी तरी परदेशातून आणलेल्या. प्रत्येक विटेवर गोल दाणे. एक वीट दुसरीवर दाबली की टक् करून बसायची. मी एकदा गुपचूप चार विटांची भिंत केली होती. तो टक् आवाज कित्येक दिवस माझ्या कानात होता.

मी मावशीकडे गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती.

"त्यांनी इचारलं तर?" ती म्हणाली.

"ते नाताळात येतात. त्याच्या आधी आणून ठेवतो."

"आणि एखादी ईट हरवली तर? माज्या आधीच्या गड्यानं बंगल्यातली गादी पाव्हन्याला एक रात वापरायला दिलती. बाईसाहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याचं गाठोडं भाईर ठेवलं. वाडीवरचं माजं घर तर पडून गेलं. मला घालवलं तर मी कुटं जाऊ?"

"मावशी, विद्येची शपथ."

"विद्या अजून आली कुटं तुला, शपत घ्यायला?"

तरी तिने कनवटीची किल्ली काढली. पेटी आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि मला बजावलं, "टेसनात कुनी इचारलं तर सांग, मावशीचं लुगडं धुवायला नेतोय."

"लोणावळ्याला?"

"तितलं पानी चांगलं म्हनावं."

पुढचे आठ दिवस शाळा सुटल्यावर आम्ही सभागृहाच्या कोपऱ्यात राबलो. पोत्यावर चिखल आणि शेण लिंपून डोंगर केला, त्यावर अळीव पेरले. बोगद्याचं तोंड केलं. डोंगरात डालड्याचा डबा लपवला आणि त्याच्या भोकातून पाण्याची धार सोडली. ती कड्यावरून पडून पुलाच्या खांबांना वळसा घालून पुढच्या परातीत जाई. सायकलच्या स्पोकचा सिग्नल केला. काड्यापेट्यांची गाडी केली, पुढे एक इंजिन आणि मागे ढकलायला दोन, घाट चढताना असतात तशी. आणि मध्ये लाल विटांचा पूल. चार उंच खांब, पायऱ्यापायऱ्यांनी जवळ येणाऱ्या कमानी, वर पांढऱ्या विटांचा कठडा. शनिवारी सकाळी शेवटची वीट टक् करून बसली तेव्हा मास्तरांनी वाकून एकेक कमान मोजली. मग म्हणाले, "सोमवारी तालुक्याचे शिक्षणाचे साहेब येतील. तोवर ह्याला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

त्याच दुपारी मावशीला पोस्टकार्ड आलं. तिची पत्रं मीच वाचून दाखवी. मी वाचलं, "नातवाची शाळा लवकर सुटली. रविवारी दुपारच्या गाडीने येत आहोत. खोल्या उघडून ठेवणे."

मावशी म्हणाली, "पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

"आरं, ते 'रविवारी' सोडून दुसरं काय तरी वाच की."

दुसरं काही नव्हतं. आणि रविवार उद्याच होता. मावशी उंबऱ्यावर बसली. एवढंच म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जा. ईट घेऊन ये, न्हाई तर माजं गाठोडं बांधायला ये."

रविवारी पहिल्या लोकलने मी लोणावळ्यात उतरलो आणि जोडीदाराला दुकानातून बाहेर बोलावलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "विटा काढल्या तर पूल जातो. नाही काढल्या तर मावशी जाते."

"पूल जाऊ दे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी हे रडत रडत म्हणालो.

तो आत गेला आणि वडिलांची नजर चुकवून अंगाच्या लाल साबणाच्या वड्या आणि साबणाची लादी कापायची तार घेऊन आला. "रंग बघ," तो म्हणाला. "वीट आणि साबण, सख्खे भाऊ."

शाळेच्या मागच्या खिडकीचा एक गज ढिला होता, हे मास्तर सोडून सर्वांना ठाऊक होतं. आम्ही आत शिरलो. पुठ्ठ्याचे रूळ अलगद उचलून ठेवले. विटा सोडवून पिशवीत टाकल्या आणि साबण कापून, कडा पाण्याने चिकटवून, पहिल्यासारखा पूल उभा करायला लागलो. कठड्याला खोबऱ्याचे तुकडे लावले. अडचण आली ती दाण्यांची. साबणाच्या विटा गुळगुळीत. जोडीदार धावत जाऊन मसुरीची डाळ घेऊन आला. एकेक दाणा ओल्या साबणावर दाबला की झाली वीट! लांबून पाहिलं तर आमचाही विश्वास बसेना. फक्त सभागृहाला न्हाणीघराचा वास येत होता.

दुपारी मी विटा पेटीत भरून ती मावशीच्या हातात दिली. तिने प्रत्येक वीट पदराने पुसली, पेटी कपाटात ठेवली आणि तासाभरात मंडळी टांग्यातून उतरली. साहेब, बाईसाहेब आणि सात वर्षांचा नातू. मी ट्रंक उचलायला थांबलो. नातू बूटसुद्धा न काढता कपाटाकडे गेला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, "आजी, ही वीट बसत नाही. आणि हिला वास येतो."

माझ्या हातातली ट्रंक पायावर पडली.

आम्ही डाळ लावून नमुन्यासाठी केलेली पहिली साबणाची वीट घाईत पिशवीत गेली होती. मावशीने पुसली ती विटांबरोबरच, पण तिच्या पदराला तरी काय ठाऊक, खरी वीट कुठली ते!

बाईसाहेब ती वीट दोन बोटांत धरून बाहेर आल्या. "हा साबण आहे. आणि ही मसूर. मावशी, हे काय आहे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. बंगल्याच्या छपराकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं होतं. मग शांतपणे म्हणाली, "उंदरं, बाईसाहेब."

"उंदीर?"

"लय झाल्यात. पिलाष्टिक कुरतडत्यात. साबनाच्या वासानं जवळ येत न्हाईत."

"आणि मसूर कशाला?"

मला वाटलं, आता संपलं. मावशी म्हणाली, "वासाला न भिनारं बी एखादं असतं. ते डाळीला भुलतं. डाळीला दात लावला की साबन तोंडात. मग परत जन्मात येत न्हाई."

बाईसाहेबांनी विटेकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि साहेबांना हाक मारली, "अहो, ऐकलंत का? मुंबईत आपण पिंजरे लावत बसतो!" संध्याकाळपर्यंत बंगल्यातल्या प्रत्येक कपाटात मसूर टोचलेला साबण ठेवायचा हुकूम सुटला. टोचायला मीच बसलो.

सोमवारी शिक्षणाच्या साहेबांची स्वारी शाळेत आली. ते देशावरचे, घाट त्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला. मास्तरांनी कौतुकाने डब्याचं भोक उघडलं. धार कड्यावरून पडली, खांबांना वळसा घालून वाहू लागली आणि थोड्याच वेळात पुलाखाली पांढराशुभ्र फेस जमायला लागला. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही रंगाचा विचार केला, दाण्यांचा केला, साबण पाण्यात काय करतो ह्याचा नाही.

साहेब वाकले. "वा! धबधब्याचा फेस किती हुबेहूब! कसा केलात?"

जोडीदार म्हणाला, "साहेब, घाटातलं पाणी असंच पडतं."

"आणि गाडीला मागे इंजिनं कशाला? उलटी लावलीत का?"

"साहेब, मागून ढकलल्याशिवाय गाडी वर जात नाही," मी म्हणालो.

साहेब सरळ उभे राहिले आणि मास्तरांना म्हणाले, "पोरांचं निरीक्षण चांगलं आहे."

एवढ्यात मधला खांब बसू लागला. पूल मध्ये हळूच वाकला, काड्यापेट्यांची गाडी एक वीतभर खाली घसरली.

"अरे, पूल खाली चाललाय," साहेब म्हणाले.

"उतार आहे, साहेब," जोडीदार म्हणाला. "घाटात असतोच."

साहेब पुढच्या किल्ल्याकडे गेले म्हणून बरं. मधल्या सुट्टीपर्यंत पुलाचा लगदा झाला होता आणि परातीतून फेस जमिनीवर उतरला होता. मास्तरांनी बोट बुडवून वास घेतला. आम्हाला दोघांना फडकं दिलं. "आता सभागृह पुसून काढा," ते म्हणाले, "साबण तुम्ही आणलाच आहे." पण नंबर पहिला आमचाच आला, आणि साहेबांनी विचारलं म्हणून मास्तरांनी माझी घरची परिस्थिती सांगितली. पुढे मॅट्रिकपर्यंत माझी फी माफ झाली.

मी बातमी सांगायला मावशीकडे धावलो. ती चुलीपुढे होती. ऐकून घेतलं, गूळ दिला, मग म्हणाली, "लय चांगलं झालं. पन एक सांगू? आजपातुर मी हितं कष्ट करून ऱ्हात होते. आता खोटं बोलून ऱ्हाते."

ते वाक्य मी हसण्यावारी नेलं. तिला ते जमलं नाही. बाईसाहेबांनी तिचा इलाज शेजारच्या बंगल्यांत सांगितला आणि दर नाताळात मावशीला बोलावणी येऊ लागली. "तुज्या पुलापायी साबन टोचत फिरायला लागतंय," ती मला म्हणे आणि हसे, पण बाईसाहेब समोर आल्या की तिची मान खाली जाई. एकदा तिने खरं सांगायचं ठरवलं, अंगणापर्यंत गेली आणि परत आली. तिला गाठोडं दिसलं असावं.

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो. बंगल्याचे साहेब निवृत्त झाले आणि दोघं नवरा-बायको बंगल्यातच राहायला आली. मावशीची पत्रं आता बाईसाहेब वाचून दाखवत. हे मला माहीत होतं. बी.ए. झाल्यावर पुण्यात शाळेत नोकरी लागली, त्या आठवड्यात मी तिला लिहिलं:

"मावशी, लांबूनच पाया पडतो.

मी पास झालो. परवापासून शाळेत शिकवायला लागलो. मुलं ऐकत नाहीत, मी ओरडतो, मग ती हसतात.

राहायला एक खोली घेतली आहे. पुढे पडवी आहे. तिथे तुझी खाट बसते, मी दोरी लावून पाहिलं. नळ दाराशी आहे. मालकिणीला सांगून ठेवलं आहे की माझी मावशी कधीही येईल.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं बाईसाहेबांसाठी आहे. बाईसाहेब, कृपा करून हेही मोठ्याने वाचा.

तुमच्या नातवाची विटांची पेटी त्या वर्षी मी शाळेत नेली होती. मावशी नको म्हणत होती, मी हट्ट धरला. पेटीत साबण आला तो माझ्या घाईने. बंगल्यात उंदीर नव्हते. मावशी तुमच्याशी तेवढं एकदाच खोटं बोलली, माझ्यासाठी बोलली, आणि तेव्हापासून तिला तुमच्याकडे नीट बघता येत नाही. शिक्षा करायची असेल तर मला बोलावून करा. तिला जा म्हणायचं असेल तर तेही म्हणा, मी त्याच दिवशी न्यायला येईन. फक्त तिचं गाठोडं बाहेर ठेवू नका, मी आत येऊन उचलीन.

मावशी, तू चिडली असशील. आता बाईसाहेबांपुढे काय करू, असं म्हणत असशील. काही करू नकोस. मान वर कर आणि त्यांना चहा विचार. त्यांनी ठेवलं आणि तुला राहावंसं वाटलं तर राहा. नाही वाटलं तर ये. पण मावशी, घाबरून राहू नकोस. तू आपलं घर माझ्या हट्टापायी पणाला लावलंस, तेव्हा मला त्याची किंमत कळली नव्हती. आता खोलीची किल्ली खिशात आली, तेव्हा कळली.

येणार असलीस तर बाईसाहेबांकडून एक ओळ लिहून घे. कुठल्या गाडीने ते लिही. मी शिवाजीनगरला उभा राहतो.

तुझा आगाऊ भाचा"